मंगळवारचा सैपाक

१

सोमारीचा पाय चिखलात कशाला तरी अडला. झाडाचं मूळ असेल म्हणून तिनं टाचेनं रेटलं, तर ते मऊ लागलं. तिनं वाकून हात घातला, धरून ओढलं, आणि गाऱ्यातून माणसाचा हात वर आला. मनगटात चांदीचं कडं होतं.

खड्ड्यात भिंतीसाठी गारा तुडवणाऱ्या बाकीच्या चार बाया ओरडत बाहेर पळाल्या. सोमारी तेवढी तिथंच उभी राहिली. तो हात तिच्या हातात तसाच होता.

आम्ही चौघांनी उतरून प्रेत काढलं. शाळेचं काम उभं करणारे रामाजीभाऊ होते. तोंडात, नाकात, डोळ्यांत तणस मिसळलेला चिखल भरला होता. मागून मानेवर कुऱ्हाडीचे दोन घाव होते. दुसरा इतका खोल, की उचलताना डोकं एका अंगाला लोंबलं आणि इस्तारी बाजूला जाऊन ओकला. अंगाखालून कुऱ्हाड निघाली. दांड्यावर तीन खाचा होत्या. अशी कुऱ्हाड गावात एकाचीच होती, गोंडांच्या वस्तीतल्या, गोंडटोल्याच्या लालसूची. आणि सोमारी ही लालसूची बायको.

हे १९५५ सालच्या जूनमधलं. आमचं आवळझरी गाव नागभीडपासून बारा मैलांवर, चिमूरच्या बाजूला, जंगलाला चिकटून आहे. दोन वर्षांपूर्वी वावधानात शाळेचं छप्पर उडालं, मास्तराची बदली झाली आणि शाळा बंद पडली. एक जुलैपर्यंत इमारत उभी झाली तर नवा मास्तर मिळेल, नाहीतर शाळा दुसऱ्या गावाला जाईल, असा निरोप आला होता. रामाजीभाऊंनी गाव गोळा केलं आणि काम वाटून दिलं. कुंभारांनी कवेलू करायचे आणि छपरावर चढवायचे. आम्ही ढिवरांनी तलावावरून पाणी वाहायचं. कुणब्यांकडे लाकूड आणि रोजचं जेवण. गोंडटोल्याकडे बांबू आणि उत्तरेची भिंत. ज्याचं काम त्यानंच करायचं, दुसऱ्यानं हात लावला तर त्या टोल्याची लाज जाते, असं ठरलं होतं.

सोमवारी सांजेला रामाजीभाऊ कामावरूनच परस्पर नागभीडला निघाले होते. दोन दिवसांनी मास्तराचं नक्की करूनच येणार होते. म्हणून मंगळवारी त्यांना कोणी शोधलं नाही. आणि बुधवारी सकाळी ते हे असे सापडले.

पाटील गुणवंतराव धावत आले. कुऱ्हाड उचलून त्यांनी तिच्या खाचांवरून अंगठा फिरवला.

"लालसू कुठी हाये?"

सगळ्यांनी वर पाहिलं. लालसू छपरावर बांबू बांधत बसला होता.

२

त्याला पायाला धरून खाली ओढलं. तो दोन पुरुष उंचीवरून कवेलूंच्या ढिगावर पडला. उठायच्या आत पहिली लाथ बसली.

"म्या नाई केलं," एवढंच तो म्हणत होता. मग तेही म्हणेना.

त्याच्यावर संशय यायला कारण होतं. रामाजीभाऊ आणि त्यांचा चुलतभाऊ देवाजी यांचं शेत एकत्र, चूलही एक. शाळेला लागून त्यांच्या बांधावर मोहाची चार झाडं होती. त्यातलं सगळ्यात मोठं रामाजीभाऊंनी छपराच्या आड्यासाठी देऊन टाकलं होतं. रविवारी त्यांनी लालसूला दुसरंही तोडायला सांगितलं. लालसू म्हणाला, फळत्या मोहावर मी हात टाकत नाही. रामाजीभाऊंनी त्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. तेव्हा लालसू म्हणाला होता, "या झाडाले कुऱ्हाड लागली, तं तेच कुऱ्हाड तुह्या मानेले लागंल." पन्नास माणसांनी हे ऐकलं होतं.

त्याला चिंचेला बांधलं. दोरी मीच बांधली. बांबूचे फटके पडायला लागले. कोपरावर एक असा बसला, की लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. लालसूचे दात ओठात रुतले होते. सोमारीला दोघींनी धरून ठेवलं होतं आणि ती त्यांच्या हातांना चावत होती. पाटलांनी एका माणसाला नागभीडच्या ठाण्यावर पिटाळलं, पण पोलीस येईपर्यंत लालसू उरेल, असं कोणालाच वाटत नव्हतं. पलीकडे पोरं-माणसं तणसाच्या पेंढ्या उचलू लागली होती. गोंडटोला जाळायचा, असं कोणीतरी म्हणालं आणि नको असं कोणी म्हणालं नाही.

रामाजीभाऊंच्या अंगावर धोतर टाकून देवाजीभाऊ शेजारी बसला होता. त्यानं काठी उचलली नाही. दुःखानं बसला असेल, असं मला वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई आडवी घुसली आणि फटका मारणाऱ्याच्या हातातला बांबू धरून उभी राहिली.

"मार बापा. आंधी मले मार. तुह्या मायच्या पोटातून तुले म्याच ओढून काढलं व्हतं, मार."

मारणाऱ्यानं बांबू सोडला. ती गुणाबाई होती, आमच्या ढिवरटोल्याची सुईण.

३

गुणाबाई सोमवारपासून शेजारच्या गावी एका अडलेल्या बाईपाशी होती. नुकतीच परतली होती. तिच्या लुगड्याला त्या बाळंतपणाचे डाग होते. साठीची बाई, पण गावात निम्म्या लोकांची नाळ तिनं कापलेली. कोणाच्या घरी सोयर, कोणाच्या घरी सुतक, कोणत्या घरचं पाणी किती दिवस चालत नाही, हे लोक तिलाच विचारायचे.

तिनं प्रेत पाहिलं. खड्डा पाहिला. मग सोमारीला विचारलं, "आज खड्डा तुडवाचा, असं कोन म्हणलं व्हतं?"

सोमारीनं तोंडातलं रक्त थुंकलं. "ह्यानंच."

"लालसूनं?"

"व्हय. आमचा गारा पाच दिवस मुरते. पर सकाळी आभाळ पाहून हा म्हणे, आजच तुडवा, भिंत उचलून घेऊ."

गुणाबाई पाटलांकडे वळली. "आइकलं का, पाटीलभाऊ? मानूस मारनारा, गाडनारा, आन दोनच दिवसात बायकोले म्हणते, चाल, मुडदा वर काढ?"

"अन् कुऱ्हाड? कुऱ्हाड का मुडद्यानं सोता मांगून नेली?"

"कुऱ्हाडी सांजेच्याले कुठी ठेवता तुमी लोक?"

सगळ्यांची अवजारं शाळेच्या ओसरीवर एकाच ढिगात पडलेली असत. आणि मला मंगळवारची सकाळ पुन्हा आठवली. लालसू त्या ढिगात हात घालून आपली कुऱ्हाड शोधत होता. मी हसून म्हणालो होतो, "तुह्या कुऱ्हाडीचं लगन लागलं, सासरी गेली." हे मला दोरी बांधताना आठवलं होतं. मी गप्प बसलो होतो. आता मात्र मी ते मोठ्यानं सांगितलं.

"आता सांगून राह्यला का, झिंग्या?" गुणाबाई म्हणाली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

गर्दी थोडी मागे सरली, पण गेली नाही. पेंढ्या हातातच होत्या. पाटील म्हणाले, "बाई, माहा एक मानूस कापला गेला. मले कोनी तरी पाह्यजे. सूर्य डोईवर येईस्तोर थांबतो. मंग मी कोनाले आवरनार नाई."

सूर्य डोक्यावर यायला दीड तास होता. गुणाबाईनं माझा दंड धरला.

"चाल. मंगळवारी मी नव्हतो इथी. ज्याचं जे काम व्हतं ते त्यानं केलं का, येवढंच मले सांग. कोन आपलं काम सोडून दुसऱ्याच्यात शिरला?"

मी आठवून पाहिलं. दोघंच होते. एक मनसाराम कुंभार, तो दुपारून छपरावरून गायब झाला होता. दुसऱ्याचं नाव घेताना मी अडखळलो.

४

मनसाराम भट्टीमागे उकिडवा बसला होता. आम्हाला पाहून तो उठून पळायला लागला. मी धावून त्याला पाडलं आणि छातीवर बसलो. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, वाळून काळं पडलेलं.

"हे कोनाचं?" गुणाबाईनं विचारलं.

"माहं वो बाई! माहंच!" त्यानं पाय वर केला. पोटरी फाटलेली होती, त्यात कवेलूची खापर अजून होती. "मंगळवारी घेऊन चढलो व्हतो छपरावर. पाय घसरला. लोकायले वास आला असता म्हणून इथी येऊन पडून राह्यलो."

त्याची बायको गिरजा घरातून ओरडली, "येवढी मोहाची ढोसली व्हती! ह्यानं कुऱ्हाड उचलली असती, तं आंधी सोताच्याच पायावर पडली असती. मानूस माराची अक्कल कुठून आननार हा?"

"अन् सोमवारी सांजेच्याले?"

"भट्टी उपसून राह्यलो व्हतो. मी, हा, आन लच्छूच्या घरचे दोघं. दिवे लागल्यावर उठलो," गिरजाच म्हणाली.

शेजारी लच्छूला विचारलं. खरं होतं. मनसारामचं काम सुटलं ते दारूनं.

"आता दुसऱ्याचं नाव सांग," गुणाबाई म्हणाली.

मी सांगितलं. देवाजीभाऊ. कामाला येणाऱ्यांचा सैपाक मुळात त्याच्याकडे होता. पंचक्रोशीत लग्न असलं की त्यालाच बोलवायचे. पण मंगळवारी त्यानं झारा इस्तारीच्या हातात दिला आणि स्वतः कवेलू वाहिले.

इस्तारी चुलाण्यापाशी होता. "माह्या वरनाले लोकायनं शिव्या घालून घालून खाल्लं," तो म्हणाला. "खालून करपलं, वरून कच्चं. ताकाचं मडकंबी आलं नाई रामाजीभाऊच्या घरून. देवाजीभाऊले म्या हात जोडले, निदान मीठ तरी पाहून जा. आला नाई. म्हणे हात भाजला."

"कोन्ता हात?"

"कोन्ता... डावा. नाई, उजवा." इस्तारी थांबला. "कवेलू तं दोनी हातानं उचलत व्हता."

"चिंधी बांधली व्हती?"

"नाई."

मी तिला सांगितलं, आडं चढवतानाही तसंच झालं. ज्याच्या घरचं झाड त्यानं नारळ फोडायचा. रामाजीभाऊ नव्हते, म्हणून सगळे देवाजीभाऊला म्हणाले. तो म्हणाला, भाऊ आल्यावर पाहू. पण आडं दोरीला लटकत होतं, थांबणार कसं? शेवटी मनसारामनं फोडला, झिंगलेल्या हातानं.

गुणाबाई रामाजीभाऊंच्या घराकडे चालायला लागली. मागून गर्दीतला गोंगाट वाढल्याचं ऐकू आलं. कोणीतरी पुन्हा फटका मारला होता.

५

रामाजीभाऊंची बायको सुगंधाबाई जमिनीला कपाळ टेकून पडली होती. बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं. गुणाबाईनं तिला उठवून छातीशी धरलं. मग कानाशी विचारलं, "बाई, एकच सांग. पंगतीले रोज तुह्या घरून ताकाचं मडकं येत व्हतं. मंगळवारी आलं नाई, असं इस्तारी म्हणते. घुसळलं नव्हतं का?"

सुगंधाबाईला आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली, "घुसळलं व्हतं. सकाळीच. गोड ताक व्हतं वो बाई. देवाजीभावजीनं अख्खं मडकं शेनखताच्या खड्ड्यात ओतलं. नासलं म्हणे. मी म्हणलं, लोकायच्या पोराच्या तोंडचं कायले ओतता? माह्याकडं पाह्यलं नाई त्यायनं."

"भाऊ नागभीडले गेला, असंच तुले माईत व्हतं ना?"

"मले तेच माईत व्हतं."

गुणाबाई उठली. बाहेर येऊन ती धावायला लागली. त्या वयाच्या बाईला तसं धावताना मी पाहिलं नव्हतं.

चिंचेखाली लालसूची मान खाली पडली होती. नाकातून रक्ताची धार छातीवर वाळत होती. एकानं चूड पेटवली होती. सूर्य डोक्यावर आला होता.

"पाटीलभाऊ, थांबवा!" ती ओरडली. "मी विचारतो त्याचं उत्तर आंधी आइका. मंग जाळा, नाईतं कापा."

ती देवाजीभाऊसमोर जाऊन खाली बसली. मध्ये प्रेत होतं.

"देवाजी, मंगळवारी सैपाक काऊन नाई केला?"

"हात भाजला व्हता."

"दाखव."

त्यानं हात मांडीखाली घेतले.

"नारळ काऊन नाई फोडला?"

"तो भाऊचा मान."

"ताक काऊन ओतलं? सुगंधा म्हणते गोड व्हतं."

देवाजीभाऊनं तिच्याकडे पाहिलं.

गुणाबाई उठली आणि सगळ्यांकडे वळली. "चाळीस वर्सं मी या गावाचं सोयर-सुतक मोजून राह्यलो. सुतक लागलं, की मानूस का करते? चुलीपाशी बसून दुसऱ्याले जेवू घालत नाई. देवाले हात लावत नाई. त्याच्या घरचं पानी, ताक कोनाच्या तोंडी जाऊ देत नाई. हे तीन सोडून तो बाकी सारं करते. कवेलू वाहते, माती उचलते. मंगळवारी देवाजीनं हे तीनच सोडले. दुसरं एकबी काम सोडलं नाई." तिनं श्वास घेतला. "मंगळवारी साऱ्या गावासाठी रामाजी जित्ता व्हता. त्याच्या बायकोसाठी जित्ता व्हता. त्याचं सुतक एकट्या या मानसाले कसं लागलं?"

चूड धरलेल्या माणसाचा हात खाली आला. पाटील देवाजीभाऊकडे पाहत राहिले.

"बोल ना गा, देवाजी," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "हे खोटं हाये म्हण."

देवाजीभाऊ म्हणाला, "त्या रोजी पंगतीले पोरं बसनार व्हते. शाळा पाहाले आलते. चाळीसेक पोरं." त्यानं आपले हात मांडीखालून काढून समोर धरले. "ह्या हातानं त्यायले कसं वाढू, बाई?"

६

मग त्यानं सगळं सांगितलं. कोणी अडवलं नाही.

सोमवारी सांजेला माणसं घरी गेल्यावर रामाजीभाऊ नागभीडच्या वाटेला लागायच्या आधी ढिगातली हाताला आली ती कुऱ्हाड घेऊन दुसऱ्या मोहापाशी गेले. लालसू तोडत नाही, तर मीच तोडतो म्हणाले. पहिला घाव घातला तेव्हा देवाजी तिथं पोहोचला. पहिल्या झाडाच्या वेळी गावासमोर तो होय म्हणाला होता, कारण गावासमोर भावाला नाही कसं म्हणायचं. आता त्यानं हात जोडले. मागच्या वर्षी धान बुडाले तेव्हा दोन महिने दोघांच्या लेकरांनी मोह उकडून खाल्ला होता, याच झाडांचा. "थो हासला," देवाजी म्हणाला. "म्हणे, गावाले शाळा पाह्यजे, तू पोटाचं काय घेऊन बसला. कुऱ्हाड खाली टेकवून थुकीनं हात ओले करून राह्यला व्हता. म्या उचलली. येकदा मारलं तं थो वळून पाहाले लागला. म्हणून दुसऱ्यांदा मारलं."

गोंडटोल्याचा खड्डा सगळ्यात जवळ, सगळ्यात खोल. गारा पाच दिवस मुरतो, हे त्याला माहीत होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रेत काढून जंगलात नेईन, असा त्याचा विचार होता. कुऱ्हाड कोणाची, हे त्यानं पाहिलंही नव्हतं.

"सकाळी तं पाह्यली ना?" गुणाबाईनं विचारलं. "पोरायले वाढाची लाज वाटली तुले. आन हा लालसू डोयापुढं मरून राह्यला, तवा बसून राह्यला?"

देवाजीभाऊनं हात पुन्हा मांडीखाली घेतले.

पहिला फटका पाटलांनीच मारला. मग सगळे धावले. तेच बांबू, तीच माणसं. गुणाबाई मध्ये शिरली तर तिलाही ढकलून पाडलं. देवाजीभाऊनं डोकं झाकलं नाही. त्याचा एक डोळा फुटला, दात कवेलूंच्या चुऱ्यात पडले. मी तिकडे गेलो नाही. मी लालसूची दोरी कापत होतो. गाठ मीच इतकी घट्ट मारली होती, की सुटेना. तो माझ्या अंगावर कोसळला, आणि सोमारीनं मला ढकलून त्याला माझ्याकडून ओढून घेतलं.

पोलीस दिवस कलल्यावर आले. देवाजी जिवंत होता. त्याला बंडीत घालून नेलं. चंद्रपूरला खटला चालला आणि त्याला जन्मठेप झाली.

लालसू वाचला. उजवा हात कोपरातून पुढे कधी सरळ झाला नाही. उत्तरेची भिंत कमरेएवढीच राहिली होती आणि जुलै लागायला चार दिवस उरले होते. पाटील, मी आणि आणखी सहा जण गोंडटोल्यात गेलो. पाटलांनी पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. म्हणाले, भिंत आम्ही बांधतो, तुम्ही फक्त हो म्हणा.

लालसू खाटेवर पडला होता. तिथूनच म्हणाला, "भिंत आमच्या वाट्याची हाये. आमी करू."

ते आले. नवा खड्डा खणला. लालसू झोळीत हात अडकवून उभा राहायचा आणि डाव्या हातानं दाखवायचा. तीन दिवसांत भिंत छपराला भिडली. दुपारी आम्ही पत्रावळी मांडायचो. ते घरून तुंब्यात आंबील आणायचे आणि भिंतीच्या पलीकडे बसून प्यायचे. इस्तारी दोनदा बोलवायला गेला. तिसऱ्यांदा गेला नाही.

एक जुलैला मास्तर आला. सोमारीनं आपल्या कुंताला आणून उत्तरेच्या भिंतीला टेकून बसवलं. गोंडटोल्यातून शाळेत आलेलं ते पहिलं लेकरू. मग सोमारी दाराबाहेर येऊन उभी राहिली. हातात धान कापायचा विळा होता. मास्तर म्हणाला, बाई, आता घरी जा, शाळा सुटली की पोर येईल. ती गेली नाही. पाटलांनी बसायला घोंगडं पाठवलं, त्यावर ती बसली नाही.

शाळा सुटेपर्यंत ती तशीच उभी होती, आमच्याकडे तोंड करून.